‘मोअरओव्हर’ कधी, ‘हाऊएव्हर’ कुठे: आयईएलटीएसच्या निबंधात लिंकिंग वर्ड्स वापरताना

परदेशात शिकायला किंवा राहायला जाण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या तयारीला लागलेल्या मुलामुलींचे निबंध वाचायला घेतले की पहिल्याच पानावर एक ओळखीची रांग दिसते: ‘फर्स्टली’, ‘मोअरओव्हर’, ‘फर्दरमोअर’, ‘इन ॲडिशन’, ‘लास्ट बट नॉट द लीस्ट’. कुठल्या तरी क्लासमध्ये मिळालेली लिंकिंग वर्ड्सची, म्हणजे वाक्यं आणि विचार जोडणाऱ्या शब्दांची, यादी पाठ केलेली असते आणि प्रत्येक वाक्याच्या तोंडाशी त्यातला एकेक शब्द बसवलेला असतो. मुलांनी मेहनत मनापासून केलेली असते, म्हणून मला जास्त वाईट वाटतं. कारण अनेकदा त्यांचे गुण अडतात ते या यादीपाशीच.

आधी परीक्षक काय बघतो ते पाहू. रायटिंगच्या ६० मिनिटांत दोन लेखनं करायची असतात. टास्क वन किमान १५० शब्दांचा असतो. टास्क टू म्हणजे निबंध, तो किमान २५० शब्दांचा, आणि त्याचं वजन पहिल्याच्या दुप्पट. म्हणून त्याला ४० मिनिटं राखून ठेवतात. निबंध चार निकषांवर तपासला जातो आणि चौघांचा वाटा सारखा असतो. त्यातला एक निकष ‘कोहिअरन्स अँड कोहिजन’, म्हणजे विचारांची सुसंगती आणि वाक्यांची सांधणी. या निकषाची वर्णनं सगळ्यांसाठी खुली आहेत आणि ती एकदा शांतपणे वाचावीत. बँड म्हणजे गुणांची पातळी, नववी सगळ्यात वरची. पाचव्या बँडच्या वर्णनात दुवे अपुरे, चुकीचे किंवा अति असल्याचा उल्लेख आहे. सहाव्यात ते यांत्रिक वाटू शकतात असं म्हटलंय. नवव्या बँडला मात्र सांधणी इतकी सहज असते की तिच्याकडे क्वचितच लक्ष जातं. म्हणजे वर जायचं तर लिंकिंग वर्ड्स दिसायला कमी आणि कामाला जास्त हवेत.

पहिली पायरी: आधी नातं, मग शब्द

एक विषय घेऊ आणि शेवटपर्यंत त्याच्यासोबत राहू: शहराच्या मध्यभागी खासगी गाड्यांना बंदी असावी का? बंदीच्या बाजूने एक परिच्छेद असा येतो:

‘फर्स्टली, कार्स कॉज पोल्युशन. मोअरओव्हर, पीपल फॉल इल. फर्दरमोअर, हॉस्पिटल्स आर क्राउडेड. इन ॲडिशन, द गव्हर्नमेंट स्पेंड्स मोअर मनी.’

व्याकरणात एकही चूक नाही. पण ‘मोअरओव्हर’ म्हणजे ‘शिवाय’. धूर होतो, शिवाय लोक आजारी पडतात, शिवाय दवाखाने भरतात, असं आपण घरी बोलू का? आपण म्हणू, धूर होतो, त्यामुळे लोक आजारी पडतात, म्हणून दवाखाने भरतात. लिहिणाऱ्याच्या डोक्यात कारण आणि परिणामाची साखळी स्पष्ट आहे, पण कागदावर नुसती यादी उतरली. परीक्षकाला ती यादीच दिसते. आता हेच पुन्हा लिहू:

‘कार्स फिल द सिटी सेंटर विथ स्मोक, अँड द पीपल हू लिव्ह देअर फॉल इल मोअर ऑफन. ॲज अ रिझल्ट, पब्लिक हॉस्पिटल्स बिकम क्राउडेड, अँड द गव्हर्नमेंट हॅज टू स्पेंड मनी ऑन ट्रीटमेंट दॅट इट कुड हॅव स्पेंट ऑन बसेस.’

चार लिंकिंग वर्ड्सच्या जागी एक ‘ॲज अ रिझल्ट’ आणि दोन साधे ‘अँड’ उरले, तरी विचार एका दमात वाचून होतो.

म्हणून लिहायला बसण्याआधीची पाच-सात मिनिटं आराखड्याला द्या. मुद्दे एकाखाली एक लिहा आणि दोन मुद्द्यांच्या मधल्या जागेत मराठी शब्द टाका: म्हणून, कारण, पण, शिवाय, उदाहरणार्थ, उलट, म्हणजे. नातं आपल्या भाषेत आपल्याला लगेच कळतं, त्यात फसगत होत नाही. मधे टाकायला कुठलाच मराठी शब्द सुचत नसेल, तर तो मुद्दा चुकीच्या ठिकाणी आलाय असं समजा. तो हलवा किंवा काढून टाका. तिथे कितीही भारी इंग्रजी शब्द आणून बसवला तरी ती फट बुजत नाही.

दुसरी पायरी: तेरा शब्द, पण पक्के

पन्नास शब्दांची यादी बाजूला ठेवा. माझ्या मते एका निबंधाला एवढे पुरतात. कारणासाठी ‘बिकॉज’ आणि ‘ॲज’. परिणामासाठी ‘ॲज अ रिझल्ट’ आणि ‘देअरफोर’. विरोधासाठी ‘हाऊएव्हर’, ‘ऑलदो’, ‘व्हाइल’ आणि ‘डिस्पाइट’. भर घालायला ‘ऑल्सो’ आणि ‘इन ॲडिशन’. उदाहरणाला ‘फॉर एक्झाम्पल’ आणि ‘सच ॲज’. शेवटाला ‘इन कन्क्लुजन’. विरोधाचे शब्द मुद्दाम जास्त घेतलेत, कारण मत मांडणाऱ्या निबंधाचा कणा तिथेच असतो.

हे शब्द अर्थाने शेजारी असले तरी वाक्यात वेगवेगळ्या खुर्च्यांवर बसतात. गोंधळ होतो तो इथेच.

‘बिकॉज’, ‘ऑलदो’ आणि ‘व्हाइल’ दोन उपवाक्यं एकाच वाक्यात बांधतात. ‘हाऊएव्हर’, ‘देअरफोर’ आणि ‘इन ॲडिशन’ हे दोन स्वतंत्र वाक्यांमधला संबंध दाखवतात, पण वाक्यं बांधू शकत नाहीत. त्यामुळे त्यांच्याआधी पूर्णविराम किंवा अर्धविराम लागतो. ‘बसेस आर चीप, हाऊएव्हर पीपल प्रिफर कार्स’ हे चूक. ‘बसेस आर चीप. हाऊएव्हर, पीपल प्रिफर कार्स’ हे बरोबर. मराठीत स्वल्पविरामाच्या बाबतीत आपण बरेच सैल असतो. ‘बस स्वस्त आहे, तरीही लोक गाडीच काढतात’ असं लिहिलं तर कुणी लाल खूण करत नाही. इंग्रजीत नुसत्या स्वल्पविरामाने दोन पूर्ण वाक्यं चिकटवणं ही व्याकरणाची चूक धरली जाते आणि तिचा फटका आणखी एका निकषात बसतो.

तिसरी जात ‘डिस्पाइट’ आणि ‘ड्यू टू’ यांची. त्यांच्यामागे पूर्ण वाक्य येत नाही, नाम येतं. ‘डिस्पाइट द लो फेअर्स, पीपल प्रिफर कार्स.’ ‘डिस्पाइट द फेअर्स आर लो’ असं लिहिता येत नाही. क्रियापद हवंच असेल तर त्याचं ‘इंग’ रूप घ्या: ‘डिस्पाइट पेइंग मोअर’. आणि ‘डिस्पाइट’च्या मागे ‘ऑफ’ कधीच लावू नका. ‘ऑफ’ लागतो तो ‘इन स्पाइट’ला. दोन्ही शब्दांचा अर्थ ‘असूनही’, म्हणून जिभेवर त्यांची सरमिसळ होते.

तिसरी पायरी: मराठीच्या खोड्या ओळखा

इथे जरा थांबू, कारण मराठीत विचार करणाऱ्यांच्या चुका योगायोगाने होत नाहीत. त्या आपल्या भाषेच्या घडणीतून येतात, आणि मूळ कळलं की सुटायला वेळ लागत नाही.

सगळ्यात मोठी खोड ‘जरी–तरी’ची. मराठीला जोड्या आवडतात. जर आलं की तर येतं, जेव्हाच्या मागे तेव्हा, जसंच्या मागे तसं आणि ज्याअर्थीच्या मागे त्याअर्थी. एक पाय टाकला की दुसरा आपोआप पडतो. त्यामुळे ‘बस स्वस्त असली तरी लोक गाडीच घेतात’ हा विचार इंग्रजीत उतरताना ‘ऑलदो बसेस आर चीप, बट पीपल प्रिफर कार्स’ होतो. ‘जरी’साठी ‘ऑलदो’ आणि ‘तरी’साठी ‘बट’, असा हिशेब आपलं मन करतं. इंग्रजीला मात्र या दोघांपैकी एकच चालतो. ‘ऑलदो बसेस आर चीप, पीपल प्रिफर कार्स’ असं लिहा, किंवा ‘बसेस आर चीप, बट पीपल प्रिफर कार्स’ असं. ‘बिकॉज’ने सुरू झालेल्या वाक्याच्या मध्यावर ‘सो’ घालणं हीसुद्धा हीच चूक. ‘इफ’च्या मागे ‘देन’ चालतं, पण त्याची गरज नसते. ‘व्हेन’च्या मागचं ‘देन’ तर काढूनच टाका.

दुसरी खोड ‘कारण’ची. ‘लोक गाडी काढतात. कारण बस वेळेवर येत नाही.’ मराठीत ही दोन वाक्यं सुखाने नांदतात, वर्तमानपत्रातही अशीच छापली जातात. इंग्रजीत ‘बिकॉज द बस इज लेट’ एवढंच वाक्य म्हणून टाकलं तर ते अर्धवट ठरतं. ‘पीपल टेक देअर कार्स बिकॉज द बस इज लेट’ असं एकच वाक्य करा. ‘फॉर एक्झाम्पल’चंही असंच आहे. ‘फॉर एक्झाम्पल, लंडन.’ एवढ्यावर पूर्णविराम देता येत नाही. नुसती नावं सांगायची असतील तर ‘सच ॲज’ घ्या: ‘सिटीज सच ॲज लंडन’. ‘फॉर एक्झाम्पल’ने वाक्य सुरू केलं तर ते वाक्य पूर्ण व्हायला हवं.

‘शेवटी’ हा शब्द आपल्याकडे चार कामं एकटा करतो आणि इंग्रजीत त्या प्रत्येक कामाला वेगळा शब्द आहे. समारोपाला ‘इन कन्क्लुजन’. यादीतला शेवटचा मुद्दा मांडताना ‘लास्टली’ किंवा ‘फायनली’. गोष्टीची अखेर काय झाली हे सांगायला ‘इन द एंड’. आणि ‘ॲट लास्ट’ म्हणजे आपलं ‘एकदाचा’. ताटकळत उभं राहिल्यावर एकदाची बस आली, तिथे ‘ॲट लास्ट’ शोभतं. समारोपाचा परिच्छेद ‘ॲट लास्ट’ने सुरू केला, तर ‘सुटलो एकदाचा’ असा सूर उमटतो.

‘उलट’ आणि ‘दुसरीकडे’ यांच्यात मराठीत आपण फार फरक करत नाही. ‘ऑन द अदर हँड’ म्हणजे दुसरी बाजू, जी पहिलीइतकीच खरी असू शकते. ‘ऑन द काँट्ररी’ म्हणजे ‘छे, उलट’. आधीच्या वाक्यात काहीतरी नाकारलेलं असतं आणि हा शब्द तो नकार आणखी ठाम करतो. ‘फॉर अ डिसेबल्ड पर्सन, अ कार इज नॉट अ लक्झरी. ऑन द काँट्ररी, इट इज अ नेसेसिटी.’ बंदीचे फायदे सांगून तोटे मांडायला वळताना ‘ऑन द काँट्ररी’ लिहिलंत, तर स्वतःचेच फायदे खोटे ठरवल्यासारखं होतं.

‘म्हणजे’चं ‘मीन्स’ करून वाक्य सुरू करण्याची सवय बोलण्यातून येते. निबंधात तिथे ‘इन अदर वर्ड्स’ घ्या आणि पुढे खरोखर तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगा, नवा मुद्दा आणू नका. आणि ‘सुद्धा’. आपण तो ज्या शब्दावर जोर हवा त्याला चिकटवतो. ‘ऑल्सो’ बहुतेक वेळा मुख्य क्रियापदाच्या आधी बसतो: ‘अ बॅन वुड ऑल्सो हेल्प सायकलिस्ट्स.’ वाक्याच्या सुरुवातीला टाकलेला ‘ऑल्सो’ बोलीभाषेसारखा वाटतो.

चौथी पायरी: ‘ऑलदो’ आणि ‘व्हाइल’ने मत तोलून मांडा

हा भाग क्लासमध्ये क्वचित शिकवला जातो, आणि मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो. ‘ऑलदो’ किंवा ‘व्हाइल’ असलेल्या वाक्यात दोन्ही भागांचं वजन सारखं नसतं. ‘व्हाइल’च्या मागे येतं ते आपण मान्य करून बाजूला ठेवतो. उरलेला भाग आपलं खरं म्हणणं असतो. पुढची दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा:

‘व्हाइल अ बॅन वुड क्लीन द एअर, इट वुड हर्ट स्मॉल शॉप्स.’
‘व्हाइल अ बॅन वुड हर्ट स्मॉल शॉप्स, इट वुड क्लीन द एअर.’

माहिती तीच, पण पहिलं वाक्य बंदीच्या विरोधात झुकतं आणि दुसरं बाजूने. मराठीत ‘दुकानदारांचं नुकसान होईल खरं, पण हवा तरी स्वच्छ होईल’ असं म्हणताना आपण हेच करतो. विरोधी मुद्दा ‘व्हाइल’मध्ये ठेवा आणि स्वतःचं मत मुख्य वाक्यात. प्रस्तावनेतलं भूमिकेचं वाक्य अशा रीतीने बांधलंत की परीक्षकाला तुमची बाजूही कळते आणि दुसरी बाजू तुम्ही विचारात घेतलीय हेही दिसतं. ‘हाऊएव्हर’ने हे साधत नाही, कारण तो दोन्ही वाक्यांना पूर्ण उभं राहू देतो. म्हणून तो मोठ्या वळणाला वापरा, जिथे अख्खा परिच्छेद दिशा बदलतो. दर दोन वाक्यांनी ‘हाऊएव्हर’ आला की लेखकाचं मतच ठरलेलं नाही असं वाटू लागतं.

पाचवी पायरी: न दिसणारे दुवे

मायकल हॅलिडे आणि रुकैया हसन या भाषाशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये इंग्रजीतल्या सांधणीचे पाच प्रकार मांडले. ‘हाऊएव्हर’, ‘देअरफोर’सारखे शब्द त्या पाचांपैकी फक्त एका प्रकारात येतात. बाकीचं काम सर्वनामं, दर्शक शब्द, शब्दांची पुनरुक्ती, समानार्थी शब्द आणि गाळलेले शब्द करतात. वरच्या बँडचे निबंध सहज वाटतात ते या बाकीच्यांच्या जोरावर.

त्यातला पटकन जमणारा उपाय म्हणजे ‘दिस’ आणि त्याच्यामागे एक नाम. लंडनने २००३ मध्ये शहराच्या मध्यभागी गाडी आणण्यावर शुल्क सुरू केलं. हे उदाहरण आपल्या विषयात चपखल बसतं:

‘लंडन बिगॅन चार्जिंग ड्रायव्हर्स टू एंटर इट्स सेंटर इन २००३. दिस पॉलिसी डिड नॉट फर्बिड कार्स. इट मेड ड्रायव्हर्स थिंक ट्वाइस. सच अ चार्ज माइट सूट अदर क्राउडेड सिटीज बेटर दॅन अ बॅन.’

यात यादीतला एकही लिंकिंग वर्ड नाही. ‘दिस पॉलिसी’ मागच्या वाक्याला हात देतं, ‘इट’ पॉलिसीला, ‘सच अ चार्ज’ पुन्हा पहिल्या वाक्याला. नुसतं ‘दिस’ लिहून सोडलं तर कुठलं ‘हे’ असा प्रश्न पडतो. सोबत नाम आलं की ती शंका मिटते, शिवाय ते नाम निवडताना मागच्या वाक्याला तुम्ही काय समजता हेही सांगून होतं. ‘दिस पॉलिसी’, ‘दिस बर्डन’, ‘दिस सक्सेस’: एकाच घटनेकडे बघण्याच्या तीन नजरा. परिच्छेदागणिक एकदा तरी हे करून बघा.

टास्क वनबद्दल थोडक्यात. ॲकॅडमिक प्रकारच्या परीक्षेत तिथे बहुधा आकड्यांची तुलना असते, म्हणून ‘व्हाइल’ आणि ‘व्हेअरॅज’ जास्त कामाला येतात. ‘रिस्पेक्टिव्हली’ वापरताना मात्र जपा. मराठीत ‘अनुक्रमे’ आकड्यांच्या आधी येतो, इंग्रजीत तो बहुधा आकड्यांच्या मागे, वाक्याच्या टोकाला जातो.

सहावी पायरी: किती हे कसं ठरवायचं

अधिकृत आकडा कुठेच नाही. माझा हिशेब सांगते. साधारण नव्वद-शंभर शब्दांच्या परिच्छेदात वाक्याच्या तोंडाशी दोन, फार तर तीन लिंकिंग वर्ड्स असावेत आणि सलग दोन वाक्यांची सुरुवात त्यांनी होऊ नये. ‘हाऊएव्हर’ अधूनमधून आत सरकवा: ‘दिस ॲप्रोच, हाऊएव्हर, टेक्स टाइम.’

सरावासाठी स्वतःचा जुना निबंध काढा. त्यातले सगळे लिंकिंग वर्ड्स पेन्सिलने खोडा आणि मोठ्याने वाचा. जिथे वाचताना खरोखर ठेच लागते तिथेच शब्द परत घाला. बाकीचे खोडलेलेच राहू द्या. आणखी एक प्रयोग आहे, त्याला मैत्रीण किंवा भाऊ लागतो. एका परिच्छेदातल्या वाक्यांच्या कागदी पट्ट्या कापा, पिसा आणि त्यांना क्रमाने लावायला सांगा. ‘फर्स्टली’, ‘सेकंडली’ काढूनही क्रम बरोबर लागला तर सांधणी मजबूत आहे. दोन पट्ट्यांची अदलाबदल झाली तरी त्यांना काही बिघडल्यासारखं वाटलं नाही, तर त्या दोन वाक्यांत अजून नातंच तयार झालेलं नाही. पहिल्या पायरीवर परत जा आणि मधे मराठी शब्द लिहून बघा.

पाठ केलेली वाक्यं मात्र सोडाच. ‘लास्ट बट नॉट द लीस्ट’, ‘इन अ नटशेल’, ‘एव्हरी कॉइन हॅज टू साइड्स’ ही इतक्या निबंधांत येऊन गेलीत की त्यांतून तुमचं स्वतःचं इंग्रजी दिसतच नाही. ‘प्लस’ आणि ‘एनीवे’ बोलण्यात ठीक, निबंधात नकोत. वाक्याच्या सुरुवातीचे ‘सो’ आणि ‘बट’ही परीक्षेपुरते टाळा.

परीक्षेतली शेवटची चार मिनिटं

संगणकावर परीक्षा दिलीत तर शब्दसंख्या पडद्यावर दिसते, त्यामुळे मोजण्यात वेळ जात नाही. तो वेळ इथे वापरा. अख्खा निबंध पुन्हा वाचत बसू नका, नजर फक्त दुव्यांवरून फिरवा. ‘ऑलदो’ दिसला की त्याच वाक्यात ‘बट’ लपलाय का बघा. ‘बिकॉज’ पूर्णविरामानंतर लगेच आला असेल, तर त्याला पुढे मुख्य वाक्य मिळतंय का तपासा. नसेल तर तो मागच्या वाक्याला जोडा. ‘डिस्पाइट’च्या मागचा ‘ऑफ’ खोडा. ‘हाऊएव्हर’ आणि ‘देअरफोर’ नवं वाक्य सुरू करत असतील, तर त्यांच्याआधी पूर्णविराम किंवा अर्धविराम आणि नंतर स्वल्पविराम आहे ना, ते पाहा. मग प्रत्येक ‘मोअरओव्हर’ आणि ‘इन ॲडिशन’पाशी थांबून मनात मराठीत ‘शिवाय’ म्हणा. ‘त्यामुळे’ जास्त बरं वाटलं तर शब्द बदला, मिनिट उरलेलं असतं.